दादा ऑनलाईन आहे

आमच्या घोटीत गिरणी म्हटलं की आधी भाताची आठवते, पिठाची नंतर. मुंबई-आग्रा हायवेनं जाताना तुम्ही घोटीला टोलनाका म्हणून ओळखत असाल. पण जरा आत वळून बाजारपेठेत आलात तर तुसाचा वास येतो. इगतपुरी तालुक्यातला भात, शिवाय कळसूबाईच्या पलीकडून अकोल्याकडचाही भात इथं येतो आणि इथंच त्याचा तांदूळ होतो. आमचे आप्पा अशाच एका गिरणीवर गेली पंचवीस वर्षं मशीन सांभाळतात. मालक दुसरे, पण मशीनचा जीव आप्पांच्या हातात. गिरणीच्या माळ्यावर एक खोली पडून असते. गेल्या वर्षी जूनअखेर तिथं मी क्लास काढला.

क्लास म्हणजे काय, तर थर्ड इयरची सुट्टी, पुण्यातल्या एका कंपनीनं इंटर्नशिपसाठी 'कळवतो' म्हणून सांगितलेलं (अजून कळवताहेत!), आणि घरात बसून आईची बोलणी खाण्यापेक्षा काहीतरी करावं हा उदात्त विचार. आजूबाजूच्या गावांतली आणि पाड्यांवरची अकरा पोरं जमली. सगळी बारावी झालेली, सीईटी देऊन ॲडमिशनची वाट बघणारी. त्यांना सी प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून द्यायची ठरलं. लॅपटॉप एकच, माझा. बाकी सगळ्यांकडे मोबाईल, त्यावरच कंपायलरचं ॲप. खाली शेलर सुरू झाला की माझा आवाज तिसऱ्या रांगेलाही पोचायचा नाही. त्यात घोटीचा पाऊस आणि घोटीची लाईट!

म्हणून मी माझ्या मदतीला एक 'मास्तर' तयार केला.

मेकॅनिकल-सिव्हिलच्या मित्रांसाठी आणि मेसच्या काकांसाठी थोडक्यात सांगतो. हल्लीच्या एआय असिस्टंटला आपण एक सूचना लिहून देऊ शकतो. ती विद्यार्थ्याला दिसत नाही, पण प्रत्येक उत्तराआधी प्रोग्रॅम ती वाचतो. तिला सिस्टिम प्रॉम्प्ट म्हणतात. तू कोण आहेस, कसं बोलायचं, काय सांगायचं, काय नाही, हे सगळं त्यात. नाटकातल्या नटाला दिग्दर्शक विंगेत कानात सांगतो तसं समजा. मी लिहिलं – तू एक प्रेमळ, अनुभवी, थोडा विनोदी शिक्षक आहेस. मुलांचा उत्साह वाढव. सोप्या मराठीत बोल.

पहिला घोळ मराठीनंच घातला. इंग्रजीत 'आय कॅन हेल्प यू' म्हटलं की विषय संपला, बोलणारा बाई की बुवा हा प्रश्नच येत नाही. मराठीत पहिल्याच वाक्याला अडलं. 'मी मदत करू शकतो' की 'शकते'? समोरच्याला तू म्हणायचं की तुम्ही? 'विसरलास' की 'विसरलीस'? 'तुम्ही' म्हणायला लावलं तर तो बँकेच्या नोटिशीसारखा बोलायला लागला – 'कृपया खालील चरणांचे अनुसरण करा'. व्हेरिएबलला 'चल' म्हणाला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी 'कुठं?' विचारलं आणि क्लास पंधरा मिनिटं बंद पडला. शेवटी मी ठरवलं की शब्द इंग्रजी राहू देत, समजावणं घरच्यासारखं. आणि घरच्यासारखं म्हणजे कोण? तर दादा. नाव दिलं 'दादा'. 'करू शकतो', अरे-तुरे, सगळे प्रश्न एका झटक्यात मिटले. माझी पाठ मीच थोपटली.

दादा पोरांना तुफान आवडला. रात्री बारालाही उत्तर द्यायचा, चिडायचा नाही आणि दर दोन ओळींनी 'शाब्बास!' म्हणायचा. चुकीच्या प्रोग्रॅमलाही 'शाब्बास, खूप छान प्रयत्न!' आठवड्याभरात अकराच्या अकरा जणांचे प्राईम नंबरचे प्रोग्रॅम चालायला लागले. मी आईला म्हटलं, बघ, माझे विद्यार्थी! मग एका दुपारी लाईट गेली, टॉवरही गेला. मी सहज म्हटलं, काढा कागद, एक ते दहाची बेरीज करणारा लूप लिहा. अकरांपैकी दोघांना जमलं. बाकीचे मोबाईलकडे बघत बसले. एरवी परीक्षेत आपण छताकडे बघतो, हे मोबाईलकडे, एवढाच फरक.

नंतर वाचताना कळलं की हे आमच्या माळ्यावरच घडलं असं नाही. तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळपास १००० मुलांवर असा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. गणिताच्या सरावाला ज्यांना साधा एआय दिला त्यांचा सराव ४८ टक्के चांगला झाला. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर कधीच एआय न वापरलेल्या मुलांपेक्षा त्यांना १७ टक्के कमी पडले. तिसऱ्या गटाला दिलेला एआय उत्तर सांगायचा नाही, शिक्षकांनी लिहून दिलेल्या सूचनांप्रमाणे फक्त पुढची पायरी सुचवायचा. त्या गटाचं असं नुकसान झालं नाही. खान अकॅडमीनं २०२३ मध्ये काढलेला 'खानमिगो' पण याच वळणाचा, थेट उत्तर द्यायचं नाही.

तेव्हा मात्र मी ते वाचलेलं नव्हतं. मी आपला कडक झालो. प्रॉम्प्ट खोडला आणि लिहिलं – काहीही झालं तरी उत्तर सांगायचं नाही, फक्त प्रश्न विचार. परिणाम? माझ्या मावसभावाचा एक सेमीकोलन राहिला होता. दादानं त्याला ओळीनं नऊ प्रश्न विचारले. 'तुला काय वाटतं, कंपायलरला वाक्य संपल्याचं कसं कळत असेल?' वगैरे. दहाव्या प्रश्नाला मावसभावानं जे उत्तर टाईप केलं ते या अंकात छापता येणार नाही.

त्या संध्याकाळी मी खाली गिरणीत जाऊन बसलो. आप्पांकडे नवीन पोरगा कामाला आला होता. शेलरमध्ये दोन रबरी रोल असतात, दोघांचा वेग वेगळा, मधल्या फटीतून भात जातो आणि तूस सुटतं. फट जास्त झाली तर भात तसाच खाली येतो. कमी झाली तर दाणा तुटतो, कणी पडते, आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं. ती फट किती ठेवायची हे कुठं लिहिलेलं नाही. भात किती सुकलाय, कुठल्या जातीचा आहे, रोल किती झिजलाय, यावर ते ठरतं. आप्पांनी त्या पोराला काही सांगितलं नाही. खाली पडणारा मूठभर माल त्याच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "आरं, आधी बघ. काय दिसतंय?" पोरगा म्हणाला, "कणी." "किती?" "लई." "मग?" पोरानं हँडल सैल केलं. जास्तच केलं. आप्पांनी परत मूठ भरून त्याच्या हातावर ठेवली. पण त्याचा हात पट्ट्याजवळ गेला तेव्हा मात्र प्रश्नबिश्न नाही, कॉलर धरून मागं ओढला.

मी माळ्यावर जाऊन तिसऱ्यांदा लिहायला बसलो. 'प्रेमळ', 'अनुभवी', 'विनोदी' सगळी विशेषणं काढली. त्याऐवजी कुठल्या वेळी काय करायचं ते लिहिलं. मुलानं एरर पाठवली की आधी त्याला विचार, तुला काय दिसतंय. सेमीकोलन, ब्रॅकेट, स्कॅनएफमधला अँपरसँड असली बारकी चूक असेल तर सरळ दाखव, माणसाचा जीव खाऊ नको. विचारातली चूक असेल तर थांब, एक पायरी सुचव आणि त्यालाच लिहू दे. तीन वेळा अडला तर अर्धा प्रोग्रॅम दाखव, अर्धा ठेव. खात्री नसेल तर तसं सांग. काम बरोबर झालं तरच शाब्बास म्हण. आणि 'आधी बघ, मग बोल' हे आप्पांचं वाक्य, जे आता मी पण वर्गात वापरायला लागलो होतो, तेही त्यात घातलं. जुलैच्या मध्यापर्यंत, म्हणजे मी हॉस्टेलला परत येईपर्यंत, आठ जण कागदावर लूप लिहायला लागले होते. पोरं पुढं नाशिकला, सिन्नरला, संगमनेरला पांगली. दादा त्यांच्या मोबाईलमध्ये गेला.

इथपर्यंत लेख संपला असता तर मला आवडलं असतं. टेक्निकल मॅगझिनमध्ये दिला असता.

दादाशी झालेलं सगळं बोलणं माझ्या लॅपटॉपवर साठत होतं. कोण कुठं अडतं ते बघून प्रॉम्प्ट सुधारायचा, असा माझा विचार. ते साठतंय हे मी मुलांना सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नाही, नुसतं सुचलं नाही. (असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.) ऑक्टोबरमध्ये एका रविवारी मेसमध्ये फीस्ट हाणून खोलीवर पडल्या पडल्या मी ते वाचत होतो. वैतरणा रोडकडच्या एका पाड्यावरची एक मुलगी क्लासला यायची. आवणीमुळे आठवडाभर उशिरा आली होती. कागदाच्या परीक्षेत जमलेल्या दोघांत ती एक. तिचं चार दिवसांपूर्वीचं बोलणं, वेळ रात्री १ वाजून ४० मिनिटं. आधी ॲरेचा प्रश्न. मग खाली –

"दादा मला हे जमणार नाही. इथं सगळ्यांना आधीच येतं. घरी सोंगणी आहे आई एकटीच आहे. सोडून जाऊ का?"

दादानं उत्तर दिलं होतं. तुझ्या भावना समजू शकतो, म्हणाला. मग आत्मविश्वास वाढवण्याचे पाच उपाय, एकाखाली एक. पाणी भरपूर पिण्याचाही त्यात होता. आणि शेवटी – 'चल, आता पुन्हा ॲरेकडे वळूया!'

त्यानंतर तिचा एकही मेसेज नव्हता.

त्या रात्री मला झोप आली नाही. तिला फोन करावा तर काय सांगणार, तुझं खासगी बोलणं मी वाचलं? नाही करावा तर चार दिवस आधीच गेलेत. मी मित्रासारखा मेसेज टाकला, 'काय, कसं चाललंय कॉलेज?' उत्तर आलं, 'छान.' तुम्ही-आम्ही घरी फोनवर जसं 'जेवलो' म्हणतो तसलं छान. मी दुसऱ्या दिवशी लेक्चर बुडवून लायब्ररीत बसलो आणि दादासारखे प्रकार आधी कुणी केलेत ते शोधलं. आपल्याला गिल्टी वाटलं की आपण गुगल करतो, इंजिनिअरचा स्वभाव.

एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम नावाच्या प्राध्यापकानं १९६६ मध्ये 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. टाईप करून त्याच्याशी बोलता यायचं. तो मानसोपचारतज्ज्ञाचा आव आणायचा, म्हणजे तुमचंच वाक्य उलटं करून तुम्हाला विचारायचा. अक्कल शून्य. नाव ठेवलं शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या फुलं विकणाऱ्या मुलीवरून. आपल्याकडे तीच पु. लं.ची 'ती फुलराणी', १९७५ सालची. तिथंही एक प्राध्यापक पैजेपोटी एका मुलीला बोलायला शिकवतो, पैज जिंकतो, आणि पुढं तिचं काय हे त्याच्या डोक्यातच आलेलं नसतं. वायझेनबॉमची सेक्रेटरी कित्येक महिने त्याला हा प्रोग्रॅम लिहिताना बघत होती. हे यंत्र आहे हे तिला पक्कं माहीत. तरी थोडा वेळ एलायझाशी बोलल्यावर ती त्याला म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? पुढं त्यानं सगळ्यांची बोलणी साठवून बघण्याची कल्पना काढली तर लोक खवळले, ही तर हेरगिरी झाली म्हणाले. १९७६ च्या पुस्तकात त्यानं स्वतःच हे लिहिलंय. मी लायब्ररीत बसून पन्नास वर्षांपूर्वीची माझीच चूक वाचत होतो.

उलट टोकाचं उदाहरण आमच्या आतेभावाकडून. तो घोटीत एमएस-सीआयटी शिकला तेव्हा वर्डमध्ये डोळे मिचकावणारी एक पेपरक्लिप यायची. 'पत्र लिहिताय वाटतं, मदत करू?' तो म्हणतो, एवढा राग आम्हाला मास्तरांचाही आला नाही. ऑफिस ९७ मध्ये आलेली ती बया २००७ च्या आवृत्तीतून काढूनच टाकली. तिचा निदान कुणी काही गैरसमज करून घेतला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो. दोन दिवसांनी ती आणि तिची आई हळव्या भाताची दोन पोती घेऊन गिरणीवर आल्या. नवा तांदूळ दिवाळीला लागतोच. आई काट्याजवळ बसली. मी तिला जिन्याकडे बोलावलं आणि एका दमात सांगून टाकलं की दादाशी झालेलं बोलणं माझ्याकडे साठतं, मी तुझं वाचलं, सांगायला हवं होतं, चुकलो.

तिला राग आला नाही. म्हणजे त्याबद्दल नाही. ती गोंधळून म्हणाली, "वाचलं म्हणजे? तुम्हीच तर लिहिलं ना?"

"मी?"

"मला वाटलं तुम्हीच रात्री जागून उत्तरं देता. आधी बघ मग बोल असं तुम्हीच म्हणता ना. मी तर मैत्रिणींना सांगितलं, आमच्या घोटीचे दादा इतके जागतात." मग जरा थांबून, "मग ते ॲरेकडे वळूया असं तुम्ही नव्हतं म्हटलं?"

तो प्रोग्रॅम आहे हे मी क्लासच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ती आठवडाभर उशिरा आलेली.

म्हणजे एका पोरीनं रात्री पावणेदोनला मला हाक मारली होती, आणि मी तिला पाणी पी म्हणून सांगितलं होतं. चार महिने मी त्या प्रोग्रॅममध्ये माझं नाव नाही, पण माझं नातं, माझी वाक्यं, माझी बोलायची ढब भरत होतो. ते जमल्यावर खूश होत होतो. विश्वास तिनं माझ्यावर टाकला आणि तो गेला भलतीकडेच. इथं तिच्या जागी तुम्ही असता तर? आपल्या हॉस्टेलवर रात्री दोनला जे लोक स्क्रीनशी बोलतात ते सगळेच प्रोग्रॅम विचारत नसतात, हे रेक्टर सरांना माहीत नसलं तरी आपल्याला माहीत आहे.

मला काही सुचेना. खाली पोत्यांची थप्पी होती. मी म्हटलं, चल, ॲरे बघू. म्हटल्यावर माझी मलाच लाज वाटली, पण तीच हसली. आम्ही खडूनं पोत्यांवर शून्यापासून आकडे टाकले. पाचव्या पोत्यावर चार का, हे तिला तिथं पटलं. सहा पोती असताना सहा नंबरचं पोतं मागितलं तर काय होईल, विचारलं. "दुसऱ्याचं पोतं उचललं जाईल," ती म्हणाली. ॲरेच्या हद्दीबाहेर जाणं म्हणजे काय हे मला आमच्या सरांनी तीन लेक्चरमध्ये सांगितलं होतं, तरी इतकं कळलं नव्हतं. तिची आई काट्यापाशी बसून बघत होती. "भाऊ, आमच्या पोत्यावर नका लिहू," एवढंच म्हणाली.

कॉलेज सोडायचं की नाही यावर आम्ही बोललो, ते इथं लिहीत नाही. ती परत गेली. ॲरे सुटले, आता पॉईंटरवर अडलीये, पण ते तर आपल्यापैकी निम्म्यांना कॅम्पसपर्यंत सुटत नाहीत.

साठवलेलं सगळं मी पुसून टाकलं आणि अकराही जणांना फोन करून तसं सांगितलं. एक-दोघांनी मला जे ऐकवलं ते योग्यच होतं. आता मुलानं स्वतः बटण दाबलं तरच त्या वेळचा प्रश्न माझ्याकडे येतो. 'दादा' नाव काढलं, आप्पांचं वाक्य काढलं. तो आता स्वतःला 'मदतनीस' म्हणवतो आणि जरा कोरडा बोलतो. मावसभाऊ म्हणतो, मजा गेली. मला वाटतं ती जाणारच होती.

सुरुवातीला दिसणारा मजकूर तिच्याकडूनच लिहून घेतला. माळ्यावर बसून तिनं सांगितला, मी टाईप केला – 'मी माणूस नाही, प्रोग्रॅम आहे. माझं चुकू शकतं. लूप, ॲरे, फंक्शन काहीही विचारा. मनातलं काही असेल तर खालच्या नंबरवर फोन करा, तिथं माणूस आहे.' मग तिनं विचारलं, "फोन उचलाल ना पण?" मी म्हटलं उचलीन की. "रात्री?" मी अकरापर्यंत म्हटलं. "मग तसं लिहा." मी लिहिलं. अकरानंतर काय, असं तिनं विचारलं. मग तिच्या मैत्रिणीचा नंबर आणि त्या त्या हॉस्टेलच्या रेक्टरचा नंबर पण घालायचं ठरलं. जाता जाता म्हणाली, "आणि दादा, तो मला सारखा 'विसरलास' म्हणतो. आम्ही मुली पण आहोत त्यात." चार महिन्यांत एकदाही बोलली नव्हती. आता तो 'हे राहिलं' म्हणतो, कुणालाच लागत नाही.

मी हॉस्टेलला परत आल्यावर दुसऱ्याच रात्री पावणेअकराला फोन वाजला. जर्नल अर्धवट टाकून उचलला. मावसभाऊ होता.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही. बघितलं, उचलतोस का."